रुमालाखालचे हात

आमच्या कारखान्यात भिंतीला लागून एक काळा डबा आहे. बटण दाबलं की त्याचा पंखा फिरतो, पडद्यावर एक ओळ येते आणि तो पासवर्ड मागतो. मागतो आणि थांबतो. कुणी काही टाकलं नाही तर दिवसभर तसाच थांबून राहतो. त्यातलं सगळं पुसून नवं टाकायला आमच्या मालकीण वहिनी देत नाहीत. जुन्नरच्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या माणसानं दोनदा विचारलं, दोन्ही वेळा त्यांनी चहा पाजून त्याला परत पाठवलं. मी आता त्या डब्याकडे पाठ करून बसते. त्याला बघितलं की मला रंगाभाऊंचा राग येतो, आणि राग आला की रडू येतं. कामाच्या जागी हे बरं दिसत नाही.

कारखाना म्हणजे फार मोठं काही नाही. ओतूरला स्टँडच्या मागच्या गल्लीत एक हॉल, त्यात शिवणाची मशीनं आणि भरतकामाची दोन मोठी मशीनं. शाळांचे गणवेश, गणपती मंडळांचे टी-शर्ट, भजनी मंडळांच्या टोप्या, जे येईल ते आम्ही करतो. मालकीण सुनंदावहिनी. शर्टाच्या खिशावरचा शाळेचा बिल्ला, मंडळाचं नाव, टोपीवरची वीणा, ही सगळी डिझाइनं त्यांनी स्वतः कॉम्प्युटरवर काढलेली. टाका कुठून सुरू करायचा, कुठं वळवायचा, कुठं तोडायचा, सगळं त्यात असतं. मशीन फक्त सांगितलेलं शिवतं. त्या डिझाइनांवर वहिनींनी डोळे घालवले, हे मी अलंकारानं म्हणत नाही. शुगर डोळ्यात उतरली. आता त्यांना सुईत दोरा ओवता येत नाही, तर पडद्यावर टाके कुठून मोजता येणार.

रंगाभाऊ म्हणजे रंगनाथ, आमचे कॉम्प्युटरवाले. मूळचे आंबेगाव तालुक्यातल्या लोणीचे. लग्न केलं नाही, ओतूरला एक गाळा घेऊन त्यात दुकान आणि त्यातच पथारी. पहिल्यांदा आले तेव्हा आमचा कॉम्प्युटर मनात येईल तेव्हा बंद पडून आपोआप चालू व्हायचा. भाऊ दारात चपला काढून आत आले, म्हणाले, "पाणी द्या." मी तांब्या-भांडं दिलं. त्यांनी ते घेतलं, चालत गेले आणि पार त्या टोकाच्या खिडकीत नेऊन ठेवलं. एक घोट प्यायले नाहीत.

"प्या की," मी म्हणाले.

"काम झाल्यावं. मशीनपाशी पानी नगं आन् पोटात बी नगं."

ही त्यांची कायमची पद्धत होती. काम झालं की खिडकीत जायचं, भांडं एका दमात रिकामं करायचं. त्यांनी भांडं तोंडाला लावलं की आम्ही समजायचो, झालं. बिघाड काय होता हे विचारायचीही गरज नसायची.

त्या दिवशी त्यांनी मशीनला हातसुद्धा लावला नाही. खुर्ची ओढून बसले आणि विचारलं, "काल काय बदाललं?"

"काय नाय बदाललं," वहिनी म्हणाल्या.

"परवा?"

"न्हाई ओ भाऊ, सगळं हाय तसंच हाय."

भाऊ खुर्चीतच बसून राहिले. आम्हीही कामाला लागलो. थोड्या वेळानं कॉम्प्युटर बंद पडला आणि भाऊ ताडकन उठून कोपऱ्यातल्या इस्त्रीपाशी गेले. नवी इस्त्री. कॉम्प्युटरच्याच बोर्डात तिची पिन. ती तापायला लागली की इकडे कॉम्प्युटर मान टाकायचा. भाऊंनी पिन काढून दुसऱ्या भिंतीला लावली आणि खिडकीकडे निघाले. वहिनींनी कपाळाला हात लावला. "इस्त्री व्हय, ती तर आणलीच की ह्याच आठवड्यात," असं त्या म्हणाल्या तेव्हा भाऊ पाणी पीत होते.

"आधी वायर, मंग शानपण," भांडं खाली ठेवून ते म्हणाले. हे वाक्य आम्ही पुढं इतक्यांदा ऐकलं की भाऊ गल्लीत दिसले की पोरी आतूनच ओरडायच्या, आधी वायर. ते हसायचे नाहीत, पण मान हलवायचे.

त्यांच्या पिशवीत एक रंगाचा ब्रश, एक स्क्रू-ड्रायव्हर आणि शाळेतलं गुलाबी खोडरबर असायचं. कॉम्प्युटर चालू होऊन पडदा काळाच राहिला की ते आतली मेमरीची पट्टी काढायचे, तिचे सोनेरी दात खोडरबरानं घासायचे, फुंकर न मारता ब्रशनं झाडायचे आणि परत बसवायचे. फुंकर मारली की त्यांना राग यायचा, थुंकी उडते म्हणायचे. निम्मे मेलेले कॉम्प्युटर त्या खोडरबरानं उठायचे. घड्याळ मागं पडायला लागलं तर आतला नाण्यासारखा सेल बदला, मशीन रडतखडत चालायला लागलं तर डिस्क किती भरलीय ते बघा, असं ते जाता जाता सांगून जायचे. मी एकदा म्हणाले, हे सगळं आम्हाला कशाला शिकवता, मग तुम्हाला कोण बोलवणार. तर म्हणाले, "मला लई कामं हायती, मंगल. मला चहाला बोलवत जा."

पण त्यांचा खरा अभिमान हातांचा होता. तरुणपणी ते लोणीहून जुन्नरला टायपिंगच्या क्लासला राहिले होते. तिथले सर मुलांच्या हातांवर रुमाल टाकायचे, म्हणजे बोटं बघता येऊ नयेत. भाऊ बाकी कशात पास झाले नाहीत असं स्वतःच सांगायचे, पण टायपिंगला त्यांच्या पुढं कुणी नव्हतं. दहाही बोटं चालायची आणि डोळे भलतीकडेच. बोलता बोलता लिहायचे. खांद्यावर निळ्या चौकडीचा रुमाल कायम असायचा, आणि पासवर्ड टाकायची वेळ आली की तो खांद्यावरनं काढून दोन्ही हातांवर पसरायचे. रुमालाखाली काहीतरी भरभर पळाल्यासारखं व्हायचं आणि कॉम्प्युटर उघडायचा. आम्हाला हसू यायचं. नवऱ्यामुलीचे हात झाकल्यासारखं करतात, असं पोरी म्हणायच्या.

तर, आमचा डिझाइनचा कॉम्प्युटर म्हातारा झाला. त्यातलं सॉफ्टवेअर जुनं, नव्या मशीनवर चालत नव्हतं, आणि ते बनवणारी कंपनी कधीच बंद पडलेली. वहिनींची झोप उडाली. मग भाऊंनी हा काळा डबा आणवला आणि म्हणाले, तुमचा जुना कॉम्प्युटर मी आहे तसा उचलून याच्या आत बसवतो.

"आत म्हंजी कसा बसंल?" वहिनींनी विचारलं. "केवढा हाय तो."

भाऊंनी चित्र काढायला पाटी मागितली असती तर बरं झालं असतं, पण त्यांनी हातानंच हवेत घर काढलं. "हे बगा वहिनी. छप्पर एक. आत बिऱ्हाडं तीन. एकात तुमचं डिझाइन, एकात मंगलची बिलं, एक रिकामं, उद्याच्याला. भिंती हायती, चुली निराळ्या. एका बिऱ्हाडात आग लागली तर दुसऱ्याची भाकर करपत न्हाई. पन मीटर एकच हाय ना राव. कुणाला किती लाइट द्यायची ती मी ठरवनार. एकानं समदी ओढली तर बाकीच्यांचा दिवा मिणमिणायचा."

वहिनींना ते पटलं. मलाही पटलं. नंतर कुणी सर्व्हर, व्हर्च्युअल मशीन असं काही म्हटलं की मी बिऱ्हाडं म्हणूनच समजून घ्यायचे, आणि कधी अडलं नाही. नव्या डब्याच्या पडद्यात आमचा जुना पडदा उघडला, तोच निळा रंग, तीच चित्रं जागच्या जागी, तेव्हा वहिनी खुर्चीत बसल्या आणि त्यांनी पडद्याला पदर लावून डोळे पुसले. म्हणजे डोळे त्यांचे, पण पदर आधी पडद्यालाच लागला.

भाऊंनी दोन नियम घालून दिले. बंद करायचं तर आधी बिऱ्हाडं निजवायची, मग मेन. आणि दर शनिवारी एका डिस्कवर कॉपी करून ती वहिनींच्या घरी न्यायची, कारखान्यात ठेवायची नाही. नुसती कॉपी करून भाऊंचं समाधान व्हायचं नाही. ती डिस्क ते उघडून बघायचे, त्यातलं एखादं डिझाइन काढून वहिनींना दाखवायचे. "परत उगडून बगितल्याबिगर कॉपी म्हनायचं न्हाई," असं त्यांचं होतं.

तेवढ्यात आमच्या शेजारच्या दुकानातनं कॉम्प्युटर चोरीला गेले. वहिनी घाबरल्या. पैशाला नाही, डिझाइनांना. "भाऊ, उद्या ह्यो डबा कुणी उचलून नेला तर माझी डिझाइनं त्याच्या हाती लागता कामा न्हाईत. कायतरी करा." भाऊंनी डब्याला कुलूप घातलं. डबा चालू करताना एकदा मोठा पासवर्ड टाकायचा, मगच आतलं उघडणार. घरच्या डिस्कलाही तेच कुलूप. डबा रात्रंदिवस चालूच असायचा, लाइट गेली तरी बॅटरीवर, त्यामुळं पासवर्ड क्वचित लागायचा. लागला की भाऊ यायचे, रुमाल पसरायचे.

वहिनी एकदा म्हणाल्या, "मला तरी सांगून ठिवा."

भाऊ सांगायला बसले आणि अडकले. टेबलावर बोटं आपटून बघितली, डोळे मिटले, परत आपटली. "वहिनी, मला येत न्हाई सांगाया. हातान्ला म्हाईत हाय."

"कागदावं लिवा मंग."

"कुलपाची किल्ली कुलपालाच टांगायची व्हय? कागुद न्हाई. मी तुमच्या हातान्ला शिकवतो."

आणि खरंच शिकवायला लागले. वहिनींचे हात कीबोर्डवर, वर निळा रुमाल. डाव्या हाताची चार बोटं, उजव्या हाताची चार बोटं, ज्याची त्याची अक्षरं. वहिनींची करंगळी काही केल्या एकटी हलेना, तिच्याबरोबर शेजारीणही उठायची. आम्ही सगळ्या काम टाकून बघत होतो. दोन दिवसांनी वहिनींनी रुमाल काढून भाऊंच्या खांद्यावर ठेवला. "ऱ्हाऊ द्या. तुमी हाय की."

"दिवाळीच्या सुट्टीत बसू," भाऊ म्हणाले. "हात हायती, शिकत्यात."

आमच्याकडे खंडेनवमीला मशीनं बंद असतात. कात्र्या, सुया, मशीनं सगळं धुऊनपुसून पुजायचं, आणि दसऱ्याचं सोनं लुटून होईपर्यंत कशालाच हात लावायचा नाही. यंत्रालाही विसावा हवा, असं वहिनींचं मत. भाऊंना ते मान्य होतं. दर खंडेनवमीला ते अंघोळ करून यायचे, बिऱ्हाडं निजवायचे, डबा बंद करायचे आणि स्वतः त्याला हळदीकुंकू लावायचे. बोट कुठं लावायचं हे त्यांचं ठरलेलं, बाजूच्या पत्र्यावर, पंख्याच्या जाळीवर नाही. झेंडूची माळ वरून घालायची, वारा अडता कामा नये. मग हात जोडून उभे राहायचे. दसऱ्याच्या संध्याकाळी परत यायचे, वहिनींना सोनं द्यायचे आणि रुमाल पसरायचे.

पण त्या दिवाळीआधीच, गणपतीत, ते दुकानात पडले. शेजारच्या चहावाल्यानं बघितलं, पुण्याला नेलं. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. त्यांची बहीण, आक्का, त्यांना लोणीला घेऊन गेली. आम्ही हळहळलो, फोन करायचो, आक्का म्हणायच्या, खातोय, बघतोय, बोलत नाही. डबा मात्र चालूच होता. त्यांनी चालू ठेवलेला डबा तसाच चालत होता, आम्ही रोज त्यावर काम करत होतो, आणि तो बंद झाला तर उघडणार कोण, हे आमच्यापैकी एकीच्याही मनात आलं नाही.

खंडेनवमीला मी फुलं आणायला गेले होते. परत आले तर हॉल शांत, मशीनं पुसलेली, वहिनी तबक घेऊन उभ्या. मेनचं आणि बॅटरीचं बटण त्यांनी खाली केलं होतं. दरवर्षी भाऊंनी डबा बंद केला की करतात तसं. डब्याच्या पत्र्यावर, जाळी सोडून, बरोबर जागी कुंकू लावलं होतं.

"वहिनी, डबा," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, डब्याकडे बघितलं, आणि तबक हातातच धरून खाली बसल्या.

पुढं काय काय केलं ते सांगण्यात अर्थ नाही. भाऊंचं नाव टाकलं, आक्कांचं टाकलं, देवांची टाकली, गावांची टाकली. डबा परत परत तेच विचारायचा. जुन्नरचा माणूस आला, भला होता, अर्धा दिवस बसला. म्हणाला, "ज्यानं कुनी केलंय त्यानं लई चांगलं केलंय, ताई. न्हाई उगडायचं." घरची डिस्क आणून लावली, तीही तसंच म्हणाली. मला इतका संताप आला. चोरांनी न्यायला नको म्हणून घातलेलं कुलूप, आणि बाहेर कोण उभं, तर वहिनी. शाळांच्या खेळांचे शर्ट आले होते, बिल्ला लावायचा कुठून. वहिनींनी भिंग घेऊन जुन्या शर्टावरचा बिल्ला कागदावर उतरवायला घेतला. एक रेघ काढायच्या आणि विचारायच्या, मंगल, एक आहे का दोन दिसतात. मी म्हणायचे एक आहे. मला ते विचारणं सहन व्हायचं नाही.

शेवटी आम्ही दोघी लोणीला गेलो. मंचरला गाडी बदलून गेलो, माझ्या पिशवीत लॅपटॉप आणि कारखान्यातला तो जुना कीबोर्ड, त्यांच्या बोटांनी अक्षरं पुसलेला. म्हटलं, हातांना माहीत आहे ना, मग हातांनाच विचारू.

भाऊ ओसरीवर खुर्चीत होते. दाढी केलेली, उजवा हात मांडीवर ठेवलेला, म्हणजे कुणीतरी ठेवलेला. खांद्यावर रुमाल होता. आम्हाला बघून त्यांचा चेहरा एका बाजूनं हसला. "वायर," ते म्हणाले.

"त्येवढंच बोलतो," आक्का म्हणाल्या. "भूक लागली तरी वायर, देव बघितला तरी वायर. डाक्टर म्हनला, एखादा शबूद ऱ्हातो."

वहिनी त्यांच्यासमोर जमिनीवर बसल्या. "भाऊ, माझी डिझाइनं आत आडकली. माझ्या हातनं बंद झाला डबा. तेवढं उगडून द्या ओ."

भाऊंना कळलं. सगळं कळलं, हे मी शपथेवर सांगते. डोळ्यांत पाणी आलं, मान जोरात हलली, "वायर, वायर." डाव्या हातानं त्यांनी आक्कांना काहीतरी खुणावलं. आक्कांना उमजेना. मला उमजलं. मी भांडं भरून आणलं, आणि ओसरीच्या पार टोकाला, कठड्यावर नेऊन ठेवलं. भाऊंनी समाधानानं मान हलवली.

त्यांच्या मांडीवर फळी टाकली, कीबोर्ड ठेवला, मी लॅपटॉपवर कोरं पान उघडलं. उजवा हात मी उचलून त्याच्या जागेवर ठेवला, एकेक बोट आपापल्या अक्षरावर. हात गरम होता, पण जड. डाव्या हातानं भाऊंनी खांद्यावरचा रुमाल ओढला आणि दोन्ही हातांवर पसरला. नीट बसेना, तेव्हा वहिनींनी उजवीकडचं टोक धरून सारखं केलं. भाऊंनी डोळे मिटले.

रुमालाची डावी बाजू हलली. पडद्यावर एक अक्षर आलं, लगेच दुसरं. वहिनींनी माझा दंड पकडला. मग रुमाल थांबला. थोडा वेळ तसाच. पुन्हा डावीकडं हलला, एक अक्षर. पुन्हा थांबला. तेव्हा माझ्या लक्षात आलं. डावा हात आपली अक्षरं टाकत होता, आणि उजव्याची पाळी आली की त्याच्यासाठी थांबत होता. उजवा आपलं काम करतोय असं समजून, तेवढा वेळ देऊन, पुढं जात होता. रुमालाची उजवी बाजू वहिनींनी सारखी केली होती तशीच पडून होती, एक सुरकुती हलली नाही. त्या थांबण्यांत कोणती अक्षरं होती, किती होती, ते त्या हाताशिवाय कुणाला माहीत नव्हतं. भाऊ शेवटपर्यंत गेले. परत एकदा केलं, तेच आलं, तीच अक्षरं, तिथंच थांबणं. तिसऱ्यांदाही.

वहिनींना पडदा नीट दिसत नव्हता, पण माझ्या तोंडाकडे बघून त्या समजल्या. त्यांनी पुढं होऊन रुमालासकट भाऊंचे दोन्ही हात धरले.

"झालं भाऊ," त्या म्हणाल्या. "उगडला. झालं काम."

भाऊंनी डोळे उघडले. वहिनींकडे बघितलं, मग लॅपटॉपकडे. पडद्यावर आलेली ती अर्धीच अक्षरं त्यांनी सावकाश वाचली. आक्का कठड्यावरचं भांडं घेऊन आल्या होत्या, त्यांनी ते भाऊंच्या ओठांशी नेलं. भाऊंनी तोंड बाजूला वळवलं. डाव्या हातानं भांडं धरलं आणि हळूहळू, सांडू न देता, आक्कांच्या हातासकट लांब सारलं. मग बोट उचलून कठड्याकडं दाखवलं. आक्कांनी भांडं परत तिथं नेऊन ठेवलं. आम्ही निघालो तेव्हा ते तसंच भरलेलं होतं, आणि भाऊंनी कीबोर्ड मांडीवरून काढू दिला नव्हता.